शेवटचे कडवे तोडू नका

महाकवी वामनदादा कर्डक यांच्या गाण्यांवर आपल्या चळवळीत भरपूर बोलले जाते. त्यांच्या सहीवर फारसे कुणी बोलत नाही. सही म्हणजे कागदावरची नव्हे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते स्वतःचे ‘वामन’ हे नाव गुंफीत, ती सही. आज जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, मोबाईलवर त्यांचे गाणे दोन कडव्यांवर तोडले जाते आणि ही सही गळून पडते. उमेदीच्या वयापर्यंत ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्या माणसाची आयुष्यभराची कमाई एवढीच होती. ती पुसण्याचे काम मनुवाद्यांनी नव्हे, आपल्याच हातांनी चालवले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. बाप लहानपणीच गेला. शाळेचा संबंध आला नाही. पोट भरण्यासाठी आईबरोबर मुंबई गाठली. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत राबले, मिळेल ती मजुरी केली आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. त्या काळी गावकुसाबाहेरच्या हजारो तरुणांची हीच कहाणी होती. गावात जोहार आणि शहरात मजुरी! फरक इतकाच, की शहरात माणूस म्हणून मान वर करायला थोडी जागा होती आणि बाबासाहेबांची सभा पायी जाण्याच्या अंतरावर होती.

चाळीत असताना एका माणसाने त्यांच्या हातात पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. वामनदादांना वाचता येत नव्हते. दुसऱ्या एका निरक्षर माणसाने आपल्याला शिकलेला समजावे आणि आपण त्याची साधी गरजही भागवू शकू नये, हे त्यांच्या जिव्हारी लागले. ते रडले. मग देहलवी मास्तरांकडे बाराखडी शिकले. जोडाक्षरे शिकायला पुस्तक नव्हते, तर रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचत सुटले. मुंबईच्या पाट्या हीच त्यांची पाठशाळा. पुढे ज्याच्या शब्दांवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले, त्याने ‘स्त’ आणि ‘क्ष’ कुठल्या तरी दुकानाच्या फळीवरून उचलले, हे आपल्या पोरांना सांगितले पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कंटाळणाऱ्या पोरांना तर जरूर सांगितले पाहिजे.

समता सैनिक दलात ते काम करू लागले. १९४३ साली त्यांनी भीमराव कर्डकांचा जलसा पाहिला. भीमराव त्यांचे आडनावबंधू आणि नाशिक जिल्ह्यातलेच. जलशात गण होता, पण गणपती नव्हता. गवळण, कृष्ण, राधा यांची हकालपट्टी झाली होती आणि त्यांच्या जागी महाडचे तळे, काळाराम मंदिर, सावकार आणि दारू आली होती. तमाशाचा साचा तोच, आतला माल सगळा बदललेला. वामनदादांना आपली वाट सापडली. त्याच वर्षी त्यांनी एका हिंदी गाण्याच्या चालीवर पहिले विडंबन रचले. लोकांनी ते उचलून धरले आणि तिथून जे सुरू झाले ते शेवटपर्यंत थांबले नाही. त्यांनी हजारो गाणी रचली.

संसाराने मात्र त्यांना सुख दिले नाही. पहिला संसार मोडला. मुलगी मीरा लहानपणीच गेली. त्यांच्या गाण्यात बाबासाहेब कधी बाप होतात, कधी माय होतात. यात नुसती काव्याची रीत पाहणाऱ्या समीक्षकांनी हा रिकामा पाळणाही ध्यानात घ्यावा.

आता गाण्यांविषयी. आम्ही काही संगीताचे जाणकार नव्हे, पण ही गाणी ऐकत वाढलो आहोत आणि आमची मते पक्की आहेत.

बाबासाहेबांच्या जन्माने कोट्यवधी कुळांचा उद्धार झाला, हे सांगणारे त्यांचे गाणे आज सर्वांत जास्त वाजते. चाल गोड आहे, शब्द सोपे आहेत, लहान लेकरूही म्हणते. तरीही वामनदादांच्या उत्तम पाच गाण्यांत आम्ही ते घालणार नाही. त्यात ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. उद्धार झाला, आता नाचा! गाण्याचा दोष नसेल, वाजवणाऱ्याचा असेल. पण तसे झाले आहे खरे.

त्याच्या अगदी उलट ते दुसरे गाणे. बाबासाहेबांच्या विचाराची पाच माणसे जरी निघाली असती तर काय झाले असते, असा प्रश्न त्यात आहे. हे गाणे निवडणुकीच्या दिवसांत हमखास लागते. आणि प्रत्येक गट ते दुसऱ्या गटाच्या दिशेने कर्णा वळवून लावतो! आमच्या मते त्या गाण्याचा जीव ‘जर’ या दोन अक्षरांत आहे. तो पुढाऱ्यांना दिलेला टोला आहे, असे समजून आपण सुटका करून घेतो. तो टोला ऐकणाऱ्याला आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. ती शकले पडत असताना भर सभेत हे गाणे म्हणणे सोपे नव्हते. मानधन देणारेच समोर बसलेले असत.

तिसरे गाणे आम्हाला सर्वांत थोर वाटते. टाटा-बिर्लांची नावे घेऊन त्यात धनाचा साठा कुठे आहे आणि त्यातला आमचा हिस्सा कुठे आहे, असा हिशेब मागितला आहे. विहार बांधले, पुतळे बसवले, पण जमीन, भांडवल, कारखाना यांत आपला वाटा किती, हा प्रश्न या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या गिरणी कामगाराने ढोलकीवर विचारला. खासगीकरण आले, सरकारी नोकरभरती आटली, कंत्राटी पद्धत आली. गाणे जुने झाले नाही, उलट रोज नवे होते आहे. आणि नेमके तेच मिरवणुकीत वाजत नाही. त्यावर नाचता येत नाही म्हणतात. आम्ही जुन्या गायन पार्ट्यांत लोकांना त्यावर डोलताना पाहिले आहे.

एक मिश्कील गाणेही सांगितले पाहिजे. पाहुणा म्हणून आलेल्या मेव्हण्याची थट्टा करणारे ते गाणे अख्ख्या महाराष्ट्रात गाजले. सवर्णांच्या लग्नातही ते वाजते. ते एका आंबेडकरी शाहिराचे आहे, हे मांडवातल्या कुणाच्या गावीही नसते. आम्हाला त्याचा राग येत नाही, थोडी गंमत वाटते. ज्याची सावली नको होती, त्याच्या शब्दांवर वरात निघते.

वामनदादा हिंदी सिनेमाच्या चाली घेत, म्हणून काही विद्वान नाके मुरडीत. आमचे म्हणणे असे, की त्या काळच्या वस्तीत ना रेडिओ होता ना पुस्तक. लोकांना चाल आधीच पाठ असेल तर नवे शब्द एका रात्रीत पाठ होतात. सकाळी गायन पार्टी पुढच्या गावी निघाली की गाणे मागे राहते. बाया जात्यावर, खुरपणीत ते म्हणू लागतात. विचार पोहोचवायला त्यांनी दुसऱ्याची बैलगाडी वापरली. कायद्याच्या नजरेतून पाहिले तर ती चाल मूळ संगीतकाराची, हेही आम्ही झाकून ठेवत नाही. आम्ही वकील माणसे, सोयीचा तेवढाच कायदा सांगणे बरे नव्हे.

गाणे लिहिले की मागेल त्या गायकाला देऊन टाकायचे, ही वामनदादांची सवय. कागद नाही, करार नाही. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाल्या. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले. आम्ही त्या विकत घेतलेल्या आहेत. वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो असे आणि कवीचे नाव, असलेच तर, भिंगातून वाचावे असे. त्यांच्या हयातीत ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ (१९९६) ही पुस्तके आली. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद समाजाने त्यांना दिले. मान मिळाला, पण घरात पैसा आला नाही. बगलेत पिशवी घेऊन एस.टी.ने गावोगाव फिरणारा हा माणूस १५ मे २००४ रोजी नाशिकला गेला, तेव्हा मागे उरली ती गाणी आणि गाण्यांतले नाव.

आमच्या औंढा नागनाथची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. हे गाव बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून ओळखले जाते. विसोबा खेचर इथले आणि संत नामदेवांचे नाते याच हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीशी जोडले जाते. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला जायला लावले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी दंतकथा इथे सांगतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेले आम्ही बौद्ध. देऊळ फिरले हे आम्ही मानत नाही. गाणाऱ्या शिंप्याला मागे हाकलले, हे मानायला मात्र आम्हाला काहीच जड जात नाही!

पण नामदेवांचे अभंग नामदेवांचे म्हणून कसे राहिले? शेवटच्या चरणात ‘नामा’ आहे म्हणून. चोखोबांच्या अभंगात ‘चोखा’ आहे. सोयराबाई तर ‘चोख्याची महारी’ अशी सही करते. जातीचे नाव लपवत नाही, नवऱ्याचेही टाकत नाही, आणि तिच्या रचना सातशे वर्षांनंतरही कुणाला बळकावता आल्या नाहीत. बाबासाहेबांनी १९४८ सालचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, हे विसरता येत नाही. ज्यांच्याकडे ताम्रपट नव्हता, सनद नव्हती, सात-बारा नव्हता, त्यांनी आपला मालकीहक्क गाण्याच्या पोटात लिहून ठेवला. कापायला गेले तर गाणेच तुटावे, अशी ती युक्ती. वामनदादा याच परंपरेतले. ईश्वर नाकारून त्यांनी ही मुद्रा तेवढी घेतली.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण अनेक कार्यकर्त्यांना तो ठाऊक नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याचा हक्क टिकतो. म्हणजे वामनदादांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या गीतांवरचा हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत आहे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी दिलेले गाणे म्हणजे म्हणायची परवानगी, मालकी नव्हे. कलम ५७ त्याहून महत्त्वाचे. हक्क विकला तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार विकला जात नाही, आणि त्याच्या पश्चात वारसांनाही तो बजावता येतो. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकाराने कंपनीला गाणे दिले तरी रॉयल्टीतला आपला वाटा त्याला कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही, अशी तरतूद आली. वामनदादांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. आजच्या तरुण शाहिरांनी, रॅप करणाऱ्या पोरांनी तरी ती वाचावी. वस्तीतला मुलगा हजार-दोन हजारांत गाणे लिहून देतो, कोऱ्या कागदावर सही करतो आणि लाखो लोकांनी ऐकलेल्या गाण्याखाली त्याचे नाव शोधूनही सापडत नाही. असे कागद घेऊन आमच्याकडे येणारे आता वाढले आहेत. सही करण्याआधी मात्र कुणी येत नाही.

मध्यंतरी आमच्याकडच्या एका डीजेवाल्याला आम्ही विनंती केली, की बाबा, गाणे पूर्ण लाव, शेवटचे कडवे तोडू नकोस. तो चळवळीतलाच पोरगा, ऐकणारा. त्याने आम्हाला त्याच्याकडची सगळी गाणी ऐकवली. तोडलेले काहीच नव्हते. त्याच्याकडे आले तेच मुळी दोन कडव्यांचे. तिसरे, चौथे कडवे असते, हेच त्याला ठाऊक नव्हते.

तेव्हा ज्या घरांत माळ्यावर जुन्या कॅसेट, तबकड्या पडून आहेत, ज्या म्हाताऱ्या गायकांच्या वह्यांत ही गाणी हाताने उतरवलेली आहेत, त्यांनी ती बाहेर काढावीत. कॅसेटची फीत ओलीने चिकटते, बुरशी धरते. ती पेनड्राइव्हवर उतरवून देणारे जाणकार मोठ्या शहरांत अजून आहेत, तोवर हे काम उरकावे. फाईलला नाव देताना आधी कवीचे लिहावे, मग गायकाचे. आणि जयंती मंडळांनी डीजे ठरवताना पूर्ण गाण्यांची यादी आपणच बनवून द्यावी. औंढ्यात आम्ही ती बनवायला घेतली आहे. सध्या एकवीस गाणी शेवटच्या कडव्यासह मिळाली आहेत.