कोन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की

दिवाळींत आपण बाण उडवितों, परंतु तो वर कां जातो ह्याचा विचार फारच थोडे करीत असतील. त्याच बाणाचा विचार जन्मभर करून मानवाला आकाशाची वाट दाखविणारे कोन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की हे मोठ्या विद्यापीठाचे आचार्य नव्हते. ते रशियांतील एक बहिरे शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म ता. १७ सप्टेंबर १८५७ रोजीं रियाझान प्रांतांतील इझेव्हस्कोये गांवीं झाला. वडील जंगलखात्यांत नोकर. घरांत मुलें पुष्कळ व मिळकत बेताची. दहाव्या वर्षाच्या सुमारास कोन्स्तांतिनला स्कार्लेट ज्वर आला. जीव वाचला, परंतु श्रवणशक्ति बहुतेक गेली. वर्गांत गुरुजींचे शब्द ऐकूं येईनात. सोबत्यांच्या खेळांत मिसळतां येईना. तेराव्या वर्षीं, लिहिणें-वाचणें शिकविणारी आईहि निवर्तली. लवकरच शाळाहि सुटली.

वडिलांनीं मात्र मुलाची बुद्धि ओळखली होती. १८७३ सालीं त्यांनीं त्याला मॉस्कोस पाठविलें. तेथें कोणत्याहि कॉलेजांत त्याचें नांव नव्हतें. चेर्तकोव्ह ग्रंथालयांत नित्य जाऊन गणित व पदार्थविज्ञान तो आपलें आपणच शिकला. घरून येणारे थोडे पैसे पुस्तकें व रासायनिक द्रव्यें ह्यांत जात. पोटाला काळा पाव. अशीं तीन वर्षें गेलीं. पुढें १८७९ सालीं ते शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८० पासून बोरोव्हस्क येथें व १८९२ पासून कालुगा येथें त्यांनीं अध्यापन केलें. ऐकण्यासाठीं ते स्वतः बनविलेला कर्णा कानाशीं धरीत.

शाळेच्या कामांतून उरलेल्या वेळांत त्यांनीं एक अवघड उदाहरण हातीं घेतलें. अग्निबाण पोटांतील इंधन जाळून तप्त वायु मागें फेंकतो व त्या धक्क्यानें पुढें जातो. इंधन जळतें तसतसें वजन घटतें. म्हणून आरंभीं जो धक्का थोडा वेग देतो, तोच शेवटीं अधिक वेग देतो. क्षणोक्षणीं बदलणाऱ्या वजनाचा हिशेब त्रैराशिकानें होत नाहीं. तेथें शून्यलब्धिगणित, म्हणजे कॅलक्युलस, लागतें. त्यांनीं अत्यंत लहान क्षण घेतला. तेवढ्यांत किती वायु बाहेर पडला व उरलेल्या वजनास किती वेग मिळाला, ह्याचें समीकरण मांडलें, आणि मग अशा सर्व क्षणांची बेरीज केली. उत्तर असें आलें: आरंभींच्या वजनास उरलेल्या वजनानें भागावें, त्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यावा आणि त्यानें वायूच्या वेगास गुणावें, तोच बाणाचा अंतिम वेग.

समजा, वायु सेकंदास ४ किलोमीटर वेगानें निघतो. हवेचा अडथळा व पृथ्वीचें आकर्षण सोडून दिलें, तरी बाणास ८ किलोमीटर वेग हवा असल्यास निघतांना त्याचें वजन शेवटच्या वजनाच्या सुमारें ७.४ पट पाहिजे. १२ किलोमीटर हवा असल्यास सुमारें २० पट! वेग बेरजेनें वाढतो, वजन मात्र गुणाकारानें.

हा निबंध १९०३ सालीं प्रसिद्ध झाला, पण त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. असें समीकरण इंग्लंडांत विल्यम मूर ह्यांनीं पूर्वींच काढलें होतें. परंतु त्याच्या आधारें पृथ्वी सोडून जाण्याचा विचार त्सिओल्कोव्स्की ह्यांनीं केला. दुःखेंहि चुकलीं नाहींत. १९०२ सालीं तरुण मुलगा गेला. १९०८ सालीं ओका नदीच्या पुरानें घरांतील कागदपत्रांची नासाडी केली. तरी लेखणी थांबली नाहीं. १९२१ सालीं सरकारनें त्यांना तहहयात पेन्शन दिलें. ता. १९ सप्टेंबर १९३५ रोजीं ते कालुगा येथें वारले.

प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोंचणाऱ्या बाणास हें समीकरण पुरत नाहीं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादास अनुसरून त्याचें नवें रूप स्विस शास्त्रज्ञ आकेरेट ह्यांनीं १९४६ सालीं मांडलें. परंतु वेग लहान धरला कीं त्यांतून जुनेंच समीकरण निघतें.

त्सिओल्कोव्स्की ह्यांनीं स्वतः एकहि बाण आकाशांत धाडला नाहीं. त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं त्याच वर्षीं, ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं, पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरूं लागला. विद्यार्थिमित्रहो, एखादें उदाहरण सुटत नाहीं म्हणून वही मिटावीशी वाटेल, तेव्हां ग्रंथालयांत एकटा बसलेला तो बहिरा मुलगा आठवा. आणि पालकांनीं, शाळा सुटलेल्या मुलावरहि विश्वास ठेवणाऱ्या त्याच्या वडिलांस विसरूं नये.