तलवारी घडवणारे फरीदसाहेब सतारी बनवायला लागले आणि मिरजेचं नाव वाद्यांवर कोरलं गेलं

गिटार वाजवणाऱ्या कुणाच्याही हातात नवीन गिटार द्या. तो आधी तार छेडत नाही, आधी बघतो ते गिटारचं डोकं. म्हणजे जिथं खुंट्या असतात ती वरची लाकडी पाटी. तिथं फेंडर लिहिलंय, गिब्सन लिहिलंय की मार्टिन, यावर निम्मं मत तयार झालेलं असतं. घरी गिटार बनवणारे हौशी लोक तर सगळं काम संपल्यावर त्या कोऱ्या लाकडावर आपलं नाव कसं उठवायचं, यात दिवसचे दिवस घालवतात. कुणी स्टिकर लावून वरून लॅकर मारतं, कुणी डागणी देतं, कुणी शिंपला कोरून बसवतं.

आपल्याकडं मात्र एक माणूस असा होऊन गेला की त्यानं केलेल्या कामाचंच पुढं त्याच्या घराण्याला आडनाव पडलं. त्यांचं नाव फरीदसाहेब. मूळ आडनाव शिकलगार, पण मिरजेत त्यांना ओळखतात ते फरीदसाहेब सतारमेकर म्हणून.

शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे, पाणी देणारे कारागीर. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. किल्ला, फौजफाटा, त्यामुळं या मंडळींना कामाची ददात नव्हती. पण 1818 ला पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला आणि संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या. लढायाच नाहीत म्हटल्यावर तलवारी कोण घेणार? पुढं 1878 ला इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा आणला तेव्हा उरलीसुरली आशाही संपली. पण फरीदसाहेबांनी त्याच्या कितीतरी आधीच वाट बदलली होती.

तर झालं असं की मिरजेच्या गादीवर तेव्हा बाळासाहेब पटवर्धन होते. त्यांना गाण्याचा भारी नाद. दरबारात लांबलांबचे गवई येत, मुक्काम करत. शेजारी सांगलीत पटवर्धनांच्याच दुसऱ्या पातीच्या दरबारात विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सीतास्वयंवर नाटक उभं केलं होतं. म्हणजे सगळ्या भागातच कलेचं वारं होतं. गवयांसोबत तंबोरे यायचे आणि प्रवासात ते मोडायचेही. कुठं भोपळ्याला चीर जायची, कुठं खुंटी ढिली व्हायची. दुरुस्त करणारं जवळपास कुणी नाही.

मिरजेत आजही सांगतात की हे काम शेवटी हुनर असलेल्या शिकलगारांकडंच आलं. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोईनुद्दीन यांनी मोडलेली वाद्यं उघडून बघितली, आतली रचना समजून घेतली आणि दुरुस्त करता करता 1850 च्या आसपास स्वतःच नवीन तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली.

आता तुम्ही म्हणाल, तलवार कुठं आणि सतार कुठं? तर इथं जवारी समजून घ्यावी लागते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट वाटतो, पण तो अगदी हलकासा उताराचा असतो. तार त्या उताराला निसटती घासते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. तारेखाली सुती दोरा सरकवून तो नेमका पकडतात, त्या दोऱ्याला जीव म्हणतात. घोडी कानशीनं घासताना केसभर जास्त घासली गेली तर आवाज बसतो, कमी घासली तर तार नुसतीच टणटणते. पात्याला धार लावणारा हात आणि नजर इथं कामाला आली असणार, हे समजायला संगीत यावं लागत नाही. फरक एवढाच की इथं धारेची परीक्षा कान घेतो.

दुसरी गोष्ट भोपळ्याची. तंबोऱ्याचा तळ म्हणजे खराखुरा वाळलेला कडू भोपळा. माणदेशात उगम पावलेली माण नदी आटपाडी, सांगोला करत सरकोलीजवळ भीमेला मिळते. त्याच पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यात, भीमेच्या काठानं जाड सालीचे मोठे भोपळे पिकतात. ते वेलीवरच पूर्ण पिकू द्यायचे, मग वाळवायचे. नंतर कापून पाण्यात भिजवून आतून साफ करायचे, काठ्यांचा ताण देऊन आकार धरायचा आणि पुन्हा वाळवायचं. मग लाकडाची पोकळ दांडी, वर तबली, नक्षी, खुंट्या आणि पॉलिश. घाई केली तर वाद्य वर्षभरात फाटतं, त्यामुळं घाई करतच नाहीत.

फरीदसाहेबांनी हे काम घरात दडवून ठेवलं नाही. मुलं शिकली, भाऊबंद शिकले, आजूबाजूची शिकलगार घरं शिकली. हळूहळू अख्खी गल्ली सतारी करायला लागली आणि तिचंच नाव सतारमेकर गल्ली पडलं. मराठी सतार आणि इंग्रजी मेकर, असं आडनाव जगात दुसरीकडं क्वचितच सापडेल. ज्या घरांची ओळख दुसऱ्याच्या हातातल्या हत्याराला धार लावण्याची होती, त्यांनी आपण काय बनवतो हेच आपलं नाव करून टाकलं.

पुढं मिरज गाण्याचं गाव म्हणून वाढत गेली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं राहिले, त्यांच्याकडं विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच स्थायिक झाले. त्यांना स्वतःला वाद्य दुरुस्तीची आणि जवारीची चांगली जाण होती. 1937 ला ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथं दरवर्षी संगीत सभा होते. असा गवई गावात असेल तर कारागिरालाही कच्चं काम करून भागत नाही. मिरजेचा तंबोरा देशभरातल्या मैफलींत गेला तो असा.

पण नाव झालं की नावाची चोरीही होते. मिरजेचा तंबोरा म्हणून दुसरीकडं बनलेला माल विकला जाऊ लागला. घरी बनवलेल्या गिटारवर कुणी आपलं नाव टाकलं तर कौतुक होतं, फेंडरचं टाकून विकलं तर ती फसवणूक. मिरजेच्या कारागिरांची अडचण तीच होती, फक्त इथं नाव एका कंपनीचं नसून अख्ख्या गावाचं होतं. एखादी पट्टी चिकटवून हे थांबणार नव्हतं.

त्यामुळं त्यांनी 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याचा रस्ता धरला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला, अशी दोन वेगवेगळी जीआय मानांकनं मिळाली. आता दुसरीकडं बनवलेली सतार मिरजेची म्हणून विकली तर इथले कारागीर थेट कायद्यानं दाद मागू शकतात. फरीदसाहेबांच्या घरातली पुढची पिढी आजही मिरजेत घोडी घासत बसलेली दिसते.