बाहेरचा मेक्सिको आणि एक छापखाना

या अंकासाठी एखाद्या उद्योजकावर लेख द्यायचं ठरलं तेव्हा किर्लोस्कर, टाटा ही नावं आधीच बुक झालेली होती. (आमच्या विंगमध्ये बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो!) मग मी वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंवर लिहायला घेतलं. गदर चळवळीतला हा माणूस १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचला आणि तिथे शेतीशास्त्राचा प्राध्यापक झाला. ते वाचता वाचता मेक्सिकोच्या क्रांतीत शिरलो, आणि तिथून ज्या माणसापाशी पोहोचलो त्याने खानखोजेंना बाजूलाच सारलं. नाव इग्नासिओ लोसानो. धंदा, वर्तमानपत्र.

लोसानो यांचा जन्म १८८६ चा. उत्तर मेक्सिकोतल्या न्युएवो लिओन राज्यातलं मारीन हे त्यांचं गाव. वडील वारल्यावर १९०८ मध्ये आई आणि बहिणींना घेऊन ते सरहद्द ओलांडून टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात आले. वय बावीसच्या आत. म्हणजे आपण ज्या वयात सबमिशन आणि कॅम्पसची चिंता करतो, त्या वयात हा पोरगा परक्या देशात घरचा कर्ता झाला होता. त्यांनी पुस्तकांचं दुकान घातलं आणि मग तिथल्या स्पॅनिश वृत्तपत्रांत नोकरी धरली. त्यातलं एक पत्र फ्रान्सिस्को चापा या औषध दुकानदाराचं होतं.

आता सॅन अँटोनिओ हे काय प्रकरण होतं ते बघा. मेक्सिकोत पोर्फिरिओ दियास तीन दशकांहून अधिक काळ सत्तेला चिकटून होते. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले फ्रान्सिस्को मादेरो १९१० मध्ये याच शहरात आले आणि उठावाचा जाहीरनामा इथेच तयार झाला. मादेरो सत्तेवर आले, तर त्यांच्याविरुद्धचा पुढचा कटही याच शहरात शिजला. तो कट जनरल रेयेस यांचा. त्यात चापांचं नाव आलं आणि ते खटल्यात सापडले. मालकाचं हे होताना तरुण लोसानो जवळून पाहत असणार. पुढे आपल्या पत्राला कुठल्याही पक्षाच्या दावणीला बांधायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मला वाटतं, त्याचं मूळ इथे असावं.

१३ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं, 'ला प्रेन्सा'. तारीख लक्षात ठेवा. त्याच आठवड्यात मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर तोफा चालू होत्या. ९ तारखेला सुरू झालेली ती लढाई दहा दिवस चालली, मादेरोंना पायउतार केलं गेलं आणि २२ तारखेला त्यांचा खून झाला. नवीन वर्तमानपत्राला याहून मोठी बातमी कोणती मिळणार? त्यानंतर माणसांचे लोंढे उत्तरेकडे निघाले. जमीनदार, वकील, माजी मंत्री, शिक्षक, आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त संख्येने रेल्वे आणि शेतांवर राबायला आलेले मजूर. प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती, गावाकडची खबर. पुढच्याच वर्षी 'ला प्रेन्सा' दैनिक झालं.

इथे थोडं आपल्या ब्रँचचं बोलतो. त्या काळी दैनिकं लायनोटाइपवर जुळवली जात. कळ दाबली की अक्षराचा साचा खाली येतो, ओळ भरली की वितळलेल्या शिशाचा रस त्यात ओतला जातो आणि अख्खी ओळ एका तुकड्यात बाहेर पडते. चूक झाली तर ओळच पुन्हा ओतायची. आमच्या अंकाच्या वेळी फॉन्ट बदलला आणि सगळी जोडाक्षरं फुटली, तर तीन रात्री आम्ही बोंबलत होतो! रोजच्या रोज शिसं वितळवून बातमी वेळेत गाडीला लावणाऱ्यांचं कौतुक तेव्हापासून जरा जास्तच वाटतं. अंक टपालाने आणि रेल्वेने लांबलांबच्या गावांना जायचे. जिथे मेक्सिकन मजूर, तिथे 'ला प्रेन्सा'.

लोसानो नुसते संपादक नव्हते, धंदेवाईक होते, आणि हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतोय. वर्तमानपत्राच्या जोडीला पुस्तकांचं दुकान, आणि त्या जोडीला प्रकाशन संस्था. देश सोडावा लागलेले लेखक हाताशी होतेच. मार्तिन लुईस गुस्मान यांची सत्ताधाऱ्यांना झोंबणारी एक कादंबरी १९२८ मध्ये क्रमशः याच घराण्याच्या पत्रांतून अमेरिकेतल्या वाचकांपर्यंत गेली. हिशेब आणि व्यवस्थापन सांभाळायला लेओनिदेस गोन्सालेस होते. ते दुरांगो राज्यातल्या मापिमी गावचे माजी महापौर, जीव वाचवून आलेले. त्यांचा मुलगा हेन्री गोन्सालेस १९६१ मध्ये टेक्सासमधून अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला.

वाचक कॅलिफोर्नियात वाढायला लागले, तेव्हा १६ सप्टेंबर १९२६ रोजी, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, लॉस एंजेलिसमध्ये दुसरं दैनिक निघालं, 'ला ओपिनिओन'. लोसानो तिकडे गेले. मागे सॅन अँटोनिओचा कारभार पत्नी आलिसिया एलिसोन्दो आणि गोन्सालेस यांनी ओढला. आलिसियाबाईंनी तिथल्या गरीब मेक्सिकन कुटुंबांसाठी दवाखाना उभा करण्यातही पुढाकार घेतला. नवऱ्याच्या चरित्रात त्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात, हे मला खटकलं. (मीही चारच लिहिल्या.)

मग आली मंदी. नोकऱ्या गेल्या की राग कोणावर निघतो हे वेगळं सांगायला नको. जानेवारी १९३१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये परदेशी लोकांची धरपकड होणार अशी जाहीर वाच्यता झाली आणि 'ला ओपिनिओन'ने ती वाचकांसमोर ठेवली. २६ फेब्रुवारीला भर दुपारी 'ला प्लासिता' नावाच्या चौकाला पोलिसांनी वेढा दिला. सुमारे चारशे माणसं अडकली. त्या दशकात मेक्सिकोला परत गेलेल्यांचे अंदाज काही लाखांत आहेत, आणि त्यातले बरेचसे अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे कायद्याने अमेरिकनच होते. अशा वेळी कोणाला पकडलं, काय कागद लागतात, हे आपल्या भाषेत छापणारं पत्र ही चैन नव्हती.

पण लोसानोंची एक बाजू मला पटत नाही, तीही सांगतो. त्यांच्या पत्रांनी 'बाहेरचा मेक्सिको' ही कल्पना जोपासली. आपण इथे तात्पुरते आहोत, भाषा सांभाळा, धर्म सांभाळा, एक दिवस परत जायचंय. लिहिणारे बहुतेक जुन्या जमान्यातले बडे लोक, त्यांना क्रांतीत गेलेलं ऐश्वर्य परत हवं होतं. शेतातल्या मजुराला मात्र परत जाऊन काय मिळणार होतं? त्याची पोरं इथल्या शाळेत जात होती, इंग्रजीत भांडत होती. परत जायची आस लावून धरणाऱ्या पत्राने त्या पोरांशी काय बोलायचं, याचं उत्तर लोसानोंना शेवटपर्यंत सापडलं असं मला वाटत नाही. स्वतः लोसानोही परत गेले नाहीत. त्यांचा मुलगा इग्नासिओ ज्युनियर १९२७ मध्ये सॅन अँटोनिओतच जन्मला, नोत्र दाम विद्यापीठात पत्रकारिता शिकला.

१९५३ मध्ये लोसानो वारले. 'ला ओपिनिओन' सव्वीस वर्षांच्या मुलाच्या हाती आलं. टेक्सासमधला जुना वाचक म्हातारा झाला, पुढची पिढी इंग्रजीकडे वळली, आणि 'ला प्रेन्सा' विकलं जाऊन १९६३ मध्ये बंद पडलं. लॉस एंजेलिसमध्ये उलट झालं. तिथे नवे स्थलांतरित येतच राहिले आणि मुलाने पत्राचं तोंड मेक्सिकोकडून लॉस एंजेलिसकडे वळवलं : इथल्या शाळा, इथलं राजकारण, इथला कायदा. हा मुलगा १९७६ मध्ये एल साल्वादोरमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला. अमेरिकेचा, बरं का!

पुढे नातवंडांनी पत्र चालवलं. १९९० मध्ये 'टाइम्स मिरर' कंपनीने अर्धा हिस्सा घेतला, २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'एल दिआरिओ'शी हातमिळवणी होऊन नवीन कंपनी बनली, आणि त्याच वर्षी लोसानोंची नात मोनिका 'ला ओपिनिओन'ची प्रकाशक झाली. २०१२ मध्ये त्या कंपनीची बहुतांश मालकी अर्जेंटिनाच्या 'ला नासिओन'कडे गेली, तेव्हा आजोबांच्या पहिल्या अंकाला नव्याण्णव वर्षं होत होती.