मायभूमी नाही म्हणणारा माणूस आणि नागरिकत्वाची कलमे

देशाचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे काळाराम मंदिराच्या दाराशी उभी राहिली आणि दार उघडले नाही. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे हा प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर हाताळला. मंदिराच्या बाबतीत तो आपल्याला पाठ आहे, देशाच्या बाबतीत मात्र आपण तो फारसा वाचत नाही. वस्तीत कागदपत्रांची शिबिरे घेताना आम्हाला ही उणीव सतत जाणवते.

बाबासाहेबांचा जन्म १८९१चा, महूचा. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या अमेरिकेने १८८२ सालीच चिनी मजुरांना दार बंद केले होते. १९१७च्या कायद्याने भारतीय मजुरांनाही बंदी आली. १९२३ मध्ये एका भारतीयाने आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असा दावा करून तिथले नागरिकत्व मागितले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनचे शिक्षण संपवून मुंबईला परतले. इथे जातीची उतरंड, तिथे वर्णाची.

ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हा आपल्याला मायभूमीच नाही, असे बाबासाहेबांनी त्यांना तोंडावर सांगितले. ज्या देशात पाणी मिळत नाही, तो देश आपला कसा म्हणायचा, हा त्यामागचा सवाल होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले.

पुढे बारा वर्षांतच या देशाचे नागरिक कोण, हे ठरवणाऱ्या मसुद्याची जबाबदारी याच माणसावर आली. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून संविधान सभेत निवडून गेले होते. फाळणीत ती जागा गेली, मग ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली.

तेव्हा सीमेवर लाखो माणसे चालत होती. पाकिस्तानातल्या दलितांची अडचण निराळी होती. साफसफाईचे काम अत्यावश्यक सेवा ठरवून त्यांना तिथून निघूच दिले जात नव्हते. जे निघाले, त्यांना इकडच्या छावण्यांतही जातीचा जाच होता आणि छावणीबाहेर राहिले तर मदत मिळत नव्हती. बाबासाहेबांनी या लोकांना भारतात यायचे आवाहन केले आणि डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ही सारी गाऱ्हाणी मांडली. निर्वासितांमध्येही जात असते, हे त्या वेळी सरकारला सांगणारे ते होते.

ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे सभेपुढे आली. एक कलम सोडता मसुद्यातल्या इतर कुठल्याही कलमाने इतका त्रास दिला नाही, असे त्यांनी सभेत मान्य केले. १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन राहिलेल्यांना थेट नागरिकत्व, नंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी. तिकडे जाऊन परवान्यावर कायमचे परतलेल्यांनाही वाट ठेवली. यावर सभेत संताप झाला. आपल्या अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी हिंदू आणि शीख यांना धर्माच्या आधारे हक्क देणारी दुरुस्ती सुचवली. ती फेटाळली गेली. या कलमांत कोणत्याही धर्माचे नाव आले नाही. बाकीचे बहुतेक संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झाले, पण ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली.

पुढचे नियम संसदेवर सोपवले होते. १९५५च्या कायद्यात भारतात जन्मलेले मूल, थोडे अपवाद सोडता, भारतीय होते. १९५६ मध्ये धम्मदीक्षेनंतर काही आठवड्यांतच, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालकही बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अट आली. २०१९ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत मिळाली. त्यात बौद्ध आहेत, मुस्लिम नाहीत.

यादीत आपले नाव आहे, म्हणून गप्प बसावे का? कप्ताई धरणामुळे व छळामुळे विस्थापित होऊन १९६०च्या दशकात आलेल्या बौद्ध चकमांना आसरा हवाच होता, आजही त्यांचा हक्क रखडला आहे. पण आसरा देण्याचे कारण छळ हे असावे. धर्म पाहून दार उघडले, तर उद्या तोच धर्म पाहून ते बंदही होते. काळारामच्या दाराशी उभे राहिलेल्यांच्या नातवंडांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. कायदा जन्मस्थळाकडून आईबापांकडे सरकला. तू कुठे जन्मलास याऐवजी तू कोणाच्या पोटी जन्मलास, हा प्रश्न आपल्याला जातीने शिकवला आहे. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, द्राक्षबागेत जन्मलेल्या मुलाच्या आईकडे स्वतःचाच जन्मदाखला नसतो. तिथे पहिला फटका आपल्याच माणसांना बसेल.

म्हणून या २६ नोव्हेंबरला उद्देशिकेबरोबर कलम ५ ते ११ वाचूया. आणि प्रत्येक विहारात एक रविवार ठेवून वस्तीतल्या ज्यांची जन्मनोंद राहिली आहे, त्यांचे उशिरा नोंदणीचे अर्ज भरून घेऊया.

जय भीम!