लुई ब्रेल : सहा टिंबांच्या लिपीचे जनक

अंधांना वाचनासोबत लेखनही शक्य करून देणारे लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे गावी झाला. वडील खोगिरे बनवीत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या अवजाराने लुई यांच्या डोळ्याला इजा झाली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. १८१९ मध्ये ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तेथील पुस्तकांत उठावाची मोठी अक्षरे असत. ती वाचणे कष्टाचे होते. शार्ल बार्बिए यांच्या बारा टिंबांच्या पद्धतीवरून ब्रेल यांनी पंधराव्या वर्षी बोटाच्या एका स्पर्शात मावणारी सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी त्यांचे निधन झाले. शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. २००९ मध्ये जन्मद्विशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ नाणे काढले.