सायकलच्या दुकानातून नांगराच्या फाळापर्यंत

गोंदिया जिल्ह्यातील देवरीसारख्या महामार्गावरच्या गावात आज एखाद्याने वेगाने धावणारी दुसरी सायकल घ्यायचे ठरवले, तर त्याची नजर आधी गियर, ब्रेक आणि साखळीवरच्या नावाकडे जाते. शिमानोचे नाव कानावरून गेलेले असते. त्याऐवजी कधी न ऐकलेल्या कंपनीचे भाग दिसले, की किंमत कमी असूनही मन कचरते. उद्या भाग मोडला तर तो मिळेल कोठे आणि बसवील कोण, ही त्यामागची खरी चिंता असते. हीच चिंता आधी विक्रेता म्हणून आणि नंतर उत्पादक म्हणून ज्याला ओलांडावी लागली, असा एक मनुष्य सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावात होता. त्याचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पाठांतरात त्यांचे मन रमले नाही. त्यांचा ओढा चित्रकला आणि यंत्रे यांकडे होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकू लागले, पण काही रंग ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर चित्रकाराचे स्वप्न त्यांना सोडावे लागले. यंत्रांच्या आराखड्यांना रंगांची गरज नसते. लक्ष्मणरावांनी ती विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्ररेखनाचे शिक्षक झाले. संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे खोलून पुन्हा जोडण्याची विद्या त्यांनी तेथेच आत्मसात केली.

त्या काळात सायकल ही हिंदुस्थानात नवलाची वस्तू होती. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये आली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभही याच १८८८ सालापासून मोजला जातो. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवीत आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा तेथे त्यांची विक्री करीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव प्रथम लागले ते या सायकलच्या दुकानावर.

एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपयांच्या घरात होती. एवढी रक्कम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला बनवणाऱ्याचे नाव माहीत नसे आणि बसावे कसे हेही ठाऊक नसे. त्यामुळे किर्लोस्करांनी चालवणे शिकवण्याची आणि दुरुस्तीची सोयही केली. शिकवणीचे १५ रुपये घेतले जात. परदेशी कारखाना हजारो मैलांवर होता, पण जबाबदारी घेणारा माणूस बेळगावात होता. गिऱ्हाइकाचा विश्वास बसला तो या माणसावर. किर्लोस्करांच्या पुढच्या धंद्याचे बीज या साध्या व्यवहारात होते.

मुंबईत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. अपमान गिळून नोकरीत राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. सायकलींच्या जोडीला त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगराला हात घातला.

आता मात्र परीक्षा उलट बाजूची होती. बाजारात परदेशी नांगरांचे नाव होते. किर्लोस्कर हे नाव कोणालाही माहीत नव्हते. शेतकऱ्याजवळ लाकडी नांगर होता. तो जमीन खोल उलथत नसे. परंतु मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा फाळ झिजला, तर दुसरा कोठून आणायचा? त्यात लोखंडाने जमिनीत विष भिनते, हा समज घट्ट रुजलेला होता. दोन वर्षे नांगर पडून राहिले. अखेर एका शेतकऱ्याने सहा नांगर घेतले, तेव्हा कोंडी फुटली. नांगर शेतात चाललेला पाहिल्याशिवाय आणि झिजलेला भाग बदलून मिळेल याची खात्री पटल्याशिवाय शेतकरी नाव स्वीकारत नाही, हे लक्ष्मणरावांनी ओळखले होते. सायकलच्या दुकानातील अनुभव त्यांना येथे उपयोगी पडला.

धंदा रुळावर येत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या वेळी मदतीला आले. आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन त्यांनी दिली, भांडवलासाठी कर्जही दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये वसाहत उभी राहू लागली. तिलाच पुढे किर्लोस्करवाडी म्हणू लागले. तेथे लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, तसेच शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली. अनोळखी नावाला संधी मिळावी म्हणून झगडलेल्या या माणसाने, बदनाम नावाच्या माणसालाही संधी नाकारली नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी आली. पण लोखंड दुर्मिळ झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवण्यासाठी जुन्या तोफा दिल्या. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. पुढे पंप आणि इंजिने आली, आणि ज्या नावाचा नांगर दोन वर्षे कोणी उचलला नव्हता, तेच नाव शेतकरी विहिरीवरचा पंप घेताना विश्वासाने विचारू लागला.

या यशाचे श्रेय एकट्या लक्ष्मणरावांना देणे अन्यायाचे ठरेल. रामूअण्णांनी सुरुवातीचा भार वाहिला; औंधच्या राजाने जमीन दिली नसती, तर कारखाना कदाचित बेळगावातच बुडाला असता. पण मालाच्या मागे ठामपणे उभे राहण्याची सवय लक्ष्मणरावांची होती आणि ती सायकली विकताना लागली होती.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बेळगावातील ज्या रस्त्यावर ते सायकलचे दुकान होते, तो किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. कुंडल रोड स्थानकालाही पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.