डोंगरीच्या तुरुंगातील संपादक

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली सातारा जिल्ह्यातील टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुवून सकाळी तोच घालीत त्यांनी पुण्यात कॉलेज पुरे केले, असे सांगतात. १८८१ साली ‘केसरी’ निघाला आणि ते त्याचे पहिले संपादक झाले.

त्या सुमारास कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा कारभारी माधवराव बर्वे छळ करतात, असा बोभाटा झाला. ‘केसरी’ने व टिळकांच्या ‘मराठा’ने बर्व्यांवर कडक टीका केली. आधार होता बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. आगरकर-टिळकांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. तेथेही आगरकर ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करीत होते.

हेतू कितीही शुद्ध असो, कायदा पुरावा मागतो. दुर्बळाची बाजू घेणाऱ्याने तर हाती आलेला कागद दोनदा पारखावा, हा या खटल्याचा धडा आहे. मात्र तुरुंगाने आगरकरांची लेखणी बोथट झाली नाही. १८८८ साली ‘सुधारक’ काढून त्यांनी आपल्याच समाजाच्या दुष्ट रूढींवर प्रहार केले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर लिहीतच राहिले. १८९५ साली, फर्गसन कॉलेजचे प्राचार्य असताना, वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी ही लेखणी थांबली.